फळ्यांची जमीन का उचलली गेली?

पावसाळा सुरू झाला की शाळेतल्या कपाटाचे दार लागेनासे होते, टेबलाचा खण ओढावा तर टेबलच पुढे सरकते. दिवाळीनंतर तेच दार आणि तोच खण पुन्हा सुरळीत चालू लागतात. 'लाकूड फुगले' असे आपण म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. आमचाही तो तिथेच संपत असे. पण एका पावसाळ्यात आमच्या घरामागच्या खोलीतली लाकडी जमीनच वर उचलली गेली आणि या फुगण्याचा नीट विचार करणे भाग पडले. त्यासाठी शाळेतल्या रसायनशास्त्राची, भूमितीची आणि व्हर्निअर कॅलिपरची मदत झाली. शिवाय एका माणसावर केलेला आरोप मागे घ्यावा लागला. म्हणून ही हकिगत सांगत आहोत.

घरामागची खोली

आम्ही दोघेही शिक्षक. राहतो मेढ्याला. साताऱ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर, वेण्णा नदीच्या काठी वसलेले हे गाव म्हणजे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. वेण्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सातारा शहरात हजार मिलिमीटरच्या आसपास. मेढा या दोहोंच्या मध्ये. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथे कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटते आणि कोपऱ्यातल्या चपलांवर बुरशी चढते.

घरामागे एक जुना गोठा होता. जनावरे राहिली नव्हती, दगडी भिंती मात्र भक्कम होत्या. संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या मुलांसाठी त्याची खोली करायचे आम्ही ठरवले. पावसाळ्यात फरशीवर बसले की मुले गारठतात, म्हणून जमीन लाकडाची करावी असा विचार झाला. दगड लाकडापेक्षा साधारण दहापट उष्णतावाहक असतो, अंगातली उष्णता तो भराभर ओढून घेतो आणि म्हणून गार लागतो. लाकडाचीही सोय होती. घराच्या दुरुस्तीत स्वयंपाकघरावरचा माळा उतरवला होता, त्याच्या सागवानी फळ्या रचून ठेवल्या होत्या. आजोबांच्या वेळच्या त्या फळ्या. 'जुने मुरलेले लाकूड, आता त्याला काही होत नाही,' असे जो तो म्हणाला. आम्हालाही ते पटले.

एप्रिलच्या अखेरीस खोलीत चार इंच जाडीचे काँक्रीट घातले. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, मेच्या मध्याला, सुतार कामाला लागले. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी खोली तयार हवी, अशी घाई आमचीच होती. खोली तीन मीटर रुंद आणि ३.६ मीटर लांब. फळ्या १०० मिलिमीटर रुंद आणि २० मिलिमीटर जाड. काँक्रीटवर आडव्या रिपा टाकून त्यांवर तीस फळ्या लांबीच्या दिशेने ठोकल्या. एकीला एक घट्ट भिडवलेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कुठे पोस्टकार्डही शिरू नये अशी. आम्ही कामाचे कौतुक केले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पायाला काही तरी वेगळे जाणवू लागले. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आल्या होत्या आणि मधला भाग खोल गेला होता, पन्हळीसारखा. पंधरा दिवसांनी एके सकाळी खोलीचे दार उघडेना. ढकलून आत डोकावलो तर जमिनीला मध्यावर लांबलचक कमान आलेली. खिळे उपटून वर आले होते आणि पाय ठेवला की खालून पोकळ आवाज येत होता.

आम्ही सुतारांना बोलावले आणि चार शब्द सुनावले. खिळे नीट ठोकले नाहीत, रिपा कमी घातल्या, असे आमचे म्हणणे. त्यांनी एक फळी उचलून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, माळ्यावर आम्ही अशाच बसवत आलोय. याच फळ्या इतकी वर्षं माळ्यावर होत्या. तिथं कधी उठल्या का?"

प्रश्न बिनतोड होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे काही महिने आम्ही ते शोधत होतो.

लाकडातले पाणी

लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींची जुडी. दोऱ्याने बांधलेल्या गवताच्या काड्यांची पेंढी डोळ्यांसमोर आणा. झाड जिवंत असते तेव्हा पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी पेशींच्या पोकळीत असते आणि काही पेशींच्या भिंतींमध्ये मुरलेले असते. झाड तोडल्यावर आधी पोकळीतले पाणी निघून जाते. त्याने लाकूड हलके होते, पण आकसत नाही. पोकळ्या रिकाम्या झाल्या तरी भिंती पाण्याने भरलेल्याच असतात. या टप्प्यावर लाकडात, त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी असते. यानंतर भिंतींतले पाणी निघू लागते आणि लाकूड आकसू लागते.

भिंतींत पाणी का टिकते? त्या मुख्यतः सेल्युलोजच्या असतात. सेल्युलोजच्या साखळ्यांवर जागोजाग हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी त्यांना चिकटतात. हवा दमट झाली की बाष्पाचे आणखी रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्या एकमेकींपासून दूर सरतात, भिंत जाड होते आणि लाकूड फुगते. हवा कोरडी झाली की याच्या उलट घडते. पाऊस लाकडावर पडावाच लागतो असे नाही, दमट हवा पुरते.

म्हणजे लाकूड आणि हवा यांच्यात पाण्याची देवघेव अखंड चालू असते. हवेची सापेक्ष आर्द्रता स्थिर राहिली तर काही काळाने लाकडातला ओलावा एका ठरावीक पातळीवर येऊन थांबतो. याला समतोल ओलावा म्हणू. तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना बहुतेक लाकडांसाठी त्याचे आकडे असे आहेत : सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा सुमारे ६ टक्के, ५० टक्क्यांना सुमारे ९, ६५ टक्क्यांना सुमारे १२, ८० टक्क्यांना सुमारे १६ आणि ९० टक्क्यांना सुमारे २० टक्के. सागवानाचे आकडे यापेक्षा किंचित कमी असतात. शेवटच्या टप्प्यात आर्द्रता दहाच टक्क्यांनी वाढते आणि ओलावा चार टक्क्यांनी चढतो, हे लक्षात घ्या. मेढ्याचा जुलै नेमका या टप्प्यात असतो.

'मुरलेल्या लाकडाला काही होत नाही' या समजुतीचे आता काय करायचे? मुरलेले म्हणजे मूळच्या जादा पाण्यातून मोकळे झालेले, एवढेच. साखळ्यांवरचे हायड्रॉक्सिल गट तिथेच असतात. शंभर वर्षांची फळीही दमट हवेत पाणी घेते. आमच्या फळ्या तर वर्षानुवर्षे चुलीच्या वर होत्या, त्यामुळे नेहमीपेक्षा अधिक कोरड्या. जितके कोरडे लाकूड बसवाल, तितके ते पुढे अधिक फुगणार. ज्या गुणाचा आम्हाला भरवसा वाटत होता तोच आमच्यावर उलटला होता.

किती फुगते?

लाकूड सर्व दिशांना सारखे फुगत नाही. पेंढीची उपमा इथेही कामाला येते. काड्या जाड झाल्या की पेंढी जाड होते, लांब होत नाही. ३.६ मीटर लांबीची आमची फळी लांबीत एक-दोन मिलिमीटरच वाढली असती. रुंदीची गोष्ट निराळी. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर वार्षिक वलये दिसतात. केंद्राकडून सालीकडे जाणारी ती अरीय दिशा आणि वलयाला स्पर्श करत जाणारी ती स्पर्शीय दिशा. पूर्ण ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडे होताना सागवान अरीय दिशेने सुमारे २.५ टक्के आणि स्पर्शीय दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. फळी ओंडक्यातून कशी कापली आहे यावर तिची रुंदी किती बदलणार हे ठरते. तोंडाकडून पाहिल्यावर वलयांच्या रेघा फळीच्या रुंदीशी समांतर जात असतील तर फळी जास्त हलणार, रेघा उभ्या असतील तर कमी.

आता हिशेब करू. हा सारा बदल ओलावा ३० टक्क्यांवरून शून्यावर येताना होतो. म्हणून ओलाव्याच्या दर एक टक्क्यामागे स्पर्शीय बदल ५.८ ÷ ३० म्हणजे सुमारे ०.१९ टक्के. मेमध्ये फळ्यांचा ओलावा ९ टक्के होता आणि पावसाळ्यात तो १८ टक्क्यांवर गेला असे धरू. वाढ ९ × ०.१९ म्हणजे १.७ टक्के. १०० मिलिमीटरच्या फळीत १.७ मिलिमीटर. तीस फळ्यांत ५१ मिलिमीटर! सगळ्या फळ्या उभ्या रेघांच्या असत्या तरी ही वाढ २२ मिलिमीटरच्या आसपास झाली असती.

हा हिशेब कागदावरचा राहू नये म्हणून एक उरलेली फळी आम्ही खोलीतच मोकळी ठेवली होती. मेमध्ये ती १०० मिलिमीटर रुंद होती. जुलैच्या अखेरीस व्हर्निअरने मोजली तर १०१.३ मिलिमीटर भरली.

तुलनेसाठी आपल्या पाठ्यपुस्तकातले उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात पोलाद प्रसरण पावते म्हणून रेल्वेचे रूळ जोडताना फट ठेवतात, हे आपण दरवर्षी शिकवतो. तीन मीटर लांबीची पोलादी पट्टी ३० अंशांनी तापली तर सुमारे १ मिलिमीटर वाढते. तेवढीच रुंद लाकडी जमीन आर्द्रतेने त्याच्या वीस ते पन्नास पट वाढू शकते. रुळांमधल्या फटीचे कारण मुलांना तोंडपाठ असते आणि आम्ही, ते शिकवणाऱ्यांनी, घरातल्या फळ्यांना सुईएवढीही फट ठेवली नव्हती.

एका सेंटिमीटरचे बारा सेंटिमीटर

पण वाढ काही सेंटिमीटरची आणि कमान एवढी मोठी, हे कसे? याचे उत्तर पायथागोरसच्या प्रमेयात आहे. दोन भिंतींमध्ये तीन मीटर अंतर आहे आणि जमीन फक्त १ सेंटिमीटर वाढली असे समजा. भिंती हलत नाहीत, तेव्हा जमीन मध्यावर तंबूसारखी उभी राहील. अर्ध्या भागाचा काटकोन त्रिकोण घ्या. पाया १.५ मीटर, कर्ण १.५०५ मीटर. उंचीचा वर्ग २.२६५ − २.२५, म्हणजे ०.०१५. वर्गमूळ काढले की उंची सुमारे ०.१२ मीटर येते. आडव्या दिशेत वाढ एका सेंटिमीटरची, पण जमीन मध्यावर बारा सेंटिमीटर उचलली जाते.

प्रत्यक्षात एवढे होत नाही. काही वाढ फळ्यांच्या कडा एकमेकींवर दाबून चेंगरतात त्यात जिरते, काही खिळे अडवतात. पण जिथे खिळे कमजोर तिथे जमीन सुटते. म्हणजे खिळ्यांकडे बोट दाखवणे म्हणजे नदीला पूर आला म्हणून फुटलेल्या बांधाला दोष देण्यासारखे होते. खिळे आणखी घातले असते तर कमान आठवडाभर उशिरा आली असती, किंवा फळ्या चिरल्या असत्या.

हे बळ किती असते त्याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. जानेवारी १९१० मध्ये पॅरिसला सीन नदीचा मोठा पूर आला. त्या काळी शहरातले कितीतरी रस्ते लाकडी ठोकळ्यांनी फरसबंद केलेले होते. पाण्याने ठोकळे फुगले, रस्ते उखडले आणि ठोकळे पाण्यावर तरंगू लागले.

पाणी आले कोठून?

हवेतला ओलावा सर्व बाजूंनी सारखा मिळाला असता तर फळी सपाट राहून रुंद झाली असती. पण आमच्या फळ्यांच्या कडा आधी वर वळल्या होत्या. याचा अर्थ फळीची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा अधिक फुगली होती. पाणी खालून येत होते.

खाली होते तीन आठवड्यांचे काँक्रीट. काँक्रीट 'सुकले' म्हणजे कडक झाले असे आपण समजतो, पण कडक होणे वेगळे आणि कोरडे होणे वेगळे. सिमेंट कडक होते ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन, आणि या क्रियेत सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पावपट पाणीच बांधले जाते. कालवताना मात्र आपण साधारण त्याच्या दुप्पट पाणी घालतो, नाही तर काँक्रीट पसरतच नाही. आमच्या खोलीत सुमारे सात पोती सिमेंट गेले. हिशेब केला तर बांधले न गेलेले पाणी शंभर लिटरच्या आसपास येते. पाच-सहा हंडे पाणी त्या जमिनीच्या बारीक छिद्रांत साठलेले होते आणि बाहेर पडण्याची वाट एकच, वरची. चांगल्या हवेतही काँक्रीट सुकायला इंचाला एक महिना लागतो असा ढोबळ अंदाज बांधकामात धरतात. चार इंचांना चार महिने. आम्ही तीन आठवडे दिले आणि वर फळ्यांचे झाकण घातले.

शिवाय खालची माती. पावसाळ्यात डोंगरउतारावरची जमीन पाण्याने तुडुंब भरते. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे मातीतले पाणी बारीक छिद्रांतून काँक्रीटमध्ये चढते. याला केशाकर्षण म्हणतात. शेणाने सारवलेल्या जमिनीतूनही ते चढतच असते, पण तिथे ते लगेच हवेत उडून जाते, अडकून राहत नाही.

माळा का उठला नाही?

सुतारांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. वाईकडच्या किंवा मेणवलीच्या एखाद्या जुन्या वाड्यात मान वर करून कडीपाटाचे छत पाहिले असेल, तर फळ्यांच्या खालच्या बाजूला मोकळी हवा असते हे लक्षात आले असेल. आमच्या माळ्याचेही तसेच होते. तिथे जमिनीतून येणारे पाणी नव्हते आणि खाली पेटणारी चूल पावसाळ्यातही लाकूड बऱ्यापैकी कोरडे ठेवत होती.

दुसरे कारण आम्ही लहानपणापासून पाहिले होते, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. उन्हाळ्यात कोणी माळ्यावर चालले की फळ्यांच्या फटींतून खाली जेवणाऱ्यांच्या ताटात धूळ पडे. पावसाळ्यात ती पडत नसे. उन्हाळ्यात फळ्या आकसून फटी रुंद होत आणि पावसाळ्यात फुगून मिटत. फळ्यांना हलायला जागा होती, म्हणून त्या कधी उठल्या नाहीत. माळ्यावर फळ्या बसवताना भिडवूनच बसवत, पण पहिल्या काही वर्षांतच त्या आपली जागा करून घेत. आमच्या खोलीत दोन्ही बाजूंना दगडी भिंती, खाली पाण्याने भरलेले काँक्रीट आणि वर एप्रिल-मेचे अत्यंत कोरडे लाकूड. सुतारांची रीत माळ्यासाठी बरोबर होती. जमीन बदलली होती, आणि ती बदलण्याचा निर्णय आमचा होता. आम्ही त्यांच्या घरी जाऊन तसे सांगितले.

घाईचे उपाय

त्या आठवड्यात सल्ले खूप मिळाले. एक होता, वर आलेल्या कडांवर रंधा मारून जमीन सपाट करा. आम्ही ते जवळजवळ केलेच होते. पण फळी वाकलेली असताना तिच्या कडा तासल्या तर पुढे ती सुकून सरळ होताना कडा पातळ आणि मध्यभाग उंच राहतो. पन्हळ जाऊन तिथे उलटी पन्हळ येते. आधी दोन्ही बाजूंचा ओलावा सारखा होऊ द्यावा, मगच रंधा हाती घ्यावा.

दुसरा सल्ला, वरून पॉलिशचे दोन हात द्या. पॉलिश पाण्याची ये-जा मंद करते, थांबवत नाही. फक्त वरच्या बाजूला दिले तर दोन बाजूंतला फरक आणखी वाढतो.

तिसरा सल्ला, काही करू नका, उन्हाळ्यात आपोआप बसेल. यात अर्धे सत्य आहे. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की ती रात्रभर पाण्यात ठेवतात, सकाळी दांडा घट्ट होतो. पण वाळल्यावर तो पूर्वीपेक्षा अधिक ढिला होतो, हेही अनेकांनी पाहिले असेल. लोखंडाच्या आत लाकडाला फुगायला जागा नसते, तेव्हा कडेच्या पेशी चेंगरतात. सुकल्यावर लाकूड त्या चेंगरलेल्या मापावरून आकसते. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव सैल झाली की गाडी नदीच्या पाण्यात उभी करतात, त्याचीही हीच कथा. जखडून फुगलेली आमची जमीन तशीच ठेवली असती तर मार्चमध्ये फळ्यांमध्ये रुंद फटी पडल्या असत्या.

आम्ही भिंतीलगतच्या दोन्ही टोकांच्या फळ्या आधी काढल्या. दाब सुटताच कमान बरीच खाली बसली. मग सगळ्या फळ्या उचलल्या. खालच्या रिपा ओलसर होत्या, दोन रिपांवर बुरशीही दिसली. लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओलावा बराच काळ राहिला की ते कुजवणाऱ्या बुरशीला संधी मिळते. फळ्या त्याच खोलीत एकीवर एक रचल्या, मात्र प्रत्येक थरात पातळ रिपा घालून, चहूकडून हवा लागेल अशा.

पुन्हा बसवताना

फळ्या केव्हा बसवाव्यात? अगदी कोरड्या असताना बसवल्या तर पावसाळ्यात फुगून उठतील, अगदी ओल्या असताना बसवल्या तर उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या फटी पडतील. जिथे वापरायच्या तिथल्या वर्षभराच्या ओलाव्याच्या मध्यावर त्या आलेल्या असाव्यात. हे 'मध्य' गावागणिक बदलते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २८७ या मानकात हवेतल्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडले आहेत आणि प्रत्येक विभागात कोणत्या कामासाठी लाकडात किती ओलावा चालेल हे सांगितले आहे.

ओलावा मोजायला महाग उपकरण लागत नाही. आम्ही फळीचा एक तुकडा दर आठवड्याला शाळेच्या तराजूवर तोलत गेलो. ऑगस्टपासून वजन घटत होते, डिसेंबरमध्ये ते स्थिर झाले. तो तुकडा पूर्ण सुकवून हिशेब केला, तेव्हा ओलावा १२ टक्के निघाला. मग त्याच सुतारांनी पुन्हा काम हाती घेतले.

या वेळी काँक्रीटवर आधी जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, कडा भिंतीवर थोड्या चढवून. त्यावर नव्या रिपा. फळ्या बसवताना दोन फळ्यांमध्ये एक मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा आणि ठोकून झाल्यावर काढून घ्यायचा. ओलावा १२ वरून १७ टक्क्यांवर गेला तर फळी ५ × ०.१९ म्हणजे साधारण एक मिलिमीटर फुगेल, हा त्यामागचा हिशेब. खिळे प्रत्येक फळीच्या एकाच कडेला, म्हणजे दुसरी कड मोकळी राहते. भिंतीलगत दोन्ही बाजूंना पंधरा मिलिमीटर फट. ती झाकायला लाकडी पट्टी, पण ती भिंतीला ठोकलेली, जमिनीला नाही. पट्टीला जागोजाग भोके ठेवली, म्हणजे खालच्या पोकळीत हवा खेळती राहील.

त्यानंतरच्या पावसाळ्यात फटी मिटल्या. उन्हाळ्यात पुन्हा दिसू लागल्या. पाहुणे विचारतात, फळ्या अशा सुट्या का? मुले त्यांना समजावून सांगतात.

सगळ्यांनी अशी जमीन करावी असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पावसाळाभर बंद राहणाऱ्या, ओल येणाऱ्या खोलीत शहाबादी फरशीच शहाणपणाची. लाकूड हवे असेल तर त्याला हलायला जागा देण्याची तयारी हवी.

वर्गात करून पाहण्यासारखे

एक. लाकडाचा ५०-६० ग्रॅमचा तुकडा तोला. शंभर ते एकशे पाच अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवा आणि पुन्हा तोला. दोन वजनांतल्या फरकाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणा. ५६ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅमवर आला तर ओलावा १२ टक्के. नुकत्याच तोडलेल्या हिरव्या फांदीचा ओलावा काढाल तर उत्तर शंभर टक्क्यांच्या वरही जाऊ शकते. असे कसे, हे मुलांना विचारा.

दोन. काँक्रीटच्या किंवा फरशीच्या जमिनीवर हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. कागदाच्या खाली दव जमले तर पाणी जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला जमले तर हवेतले बाष्प गार जमिनीवर थंड होते आहे. घरात ओल आली की आधी हे पाहावे, मग गवंड्याला दोष द्यावा.

तीन. फळीच्या टोकाकडून रुंदीभर एक पातळ काप करवतीने काढा. पातळ असल्याने तो हवेशी चटकन समतोल साधतो. त्याची रुंदी आणि वजन मेपासून ऑगस्टपर्यंत दर सोमवारी नोंदवा आणि आलेख काढा. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक वर्णन केला, त्यामागे हेच तत्त्व आहे. केसही दमट हवेत लांबतो.

शेवटचा प्रयोग दोन शाळांनी मिळून करायचा. आपल्या सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर-जावळी आणि पूर्वेला माण-खटावचा दुष्काळी भाग. एकाच फळीचे दोन तुकडे करा, एक मेढ्याच्या शाळेत राहू द्या, दुसरा दहिवडीच्या शाळेत पाठवा. दोन्ही शाळांनी जुलैमध्ये महिनाभर आपापला तुकडा तोलून, मोजून नोंदी ठेवाव्यात आणि पत्राने कळवाव्यात. एकाच झाडाचे, एकाच ओंडक्यातले दोन तुकडे किती वेगळे वागतात ते मुलांना दिसेल. पुढे कधी एखादे दार अडले किंवा जमीन उचलली गेली, तर सुतारावर रागावण्याआधी ती मुले हवेची आर्द्रता विचारतील.